काठी आणि कुटका

भाकरी पळवणाऱ्या श्वानामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवरायांची कथा आपण कीर्तनात किती वेळा ऐकली असेल! ऐकताना डोळे भरून येतात, आणि घरी परतल्यावर दारातल्या कुत्र्याला आपण 'हाड्' म्हणतो. आम्हीही म्हणत होतो.

गेल्या वर्षी बोईसरला एका माळकरी स्नेह्यांकडे आमचा मुक्काम पडला. गृहस्थ तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने कामाला जातात. घरी मोत्या नावाचा गावठी कुत्रा. खोड एकच, कोणी दारात आले की भुंकत छातीवर उडी. सायंकाळी हरिपाठाला मंडळी जमू लागली की विचारूच नका! काठी झाली, साखळी झाली. शेवटी एकदा मार चुकवताना त्याने शेजारच्या पोराच्या हाताला दात लावले. पोराला दवाखान्यात नेऊन लस टोचावी लागली. शेजारी म्हणाले, "बुवा, याला आता लांब सोडून या." सोडणे म्हणजे काय, हे सगळ्यांनाच ठाऊक होते.

तेव्हा पालघरहून जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी सांगितले, "उडी मारली की पाठ फिरवा. ओरडू नका, ढकलू नका, त्यालाही तो खेळच वाटतो. चारी पाय जमिनीला टेकले की त्याच क्षणी तुकडा द्या. उशीर झाला तर कशाचे फळ मिळाले ते त्याला कळणार नाही. आणि घरात सर्वांची रीत एकच हवी. दहा वेळा नाकारून अकराव्यांदा कंटाळून दिलेत, तर खोड जास्तच पक्की होईल." सुक्या बोंबलाने काम लवकर होईल, असेही ते हसून म्हणाले, पण माळकऱ्याचे घर, तेव्हा भाकरीचा कुटकाच ठरला.

आम्हांस ते पटेना. "अहो डॉक्टर, ही तर लाच झाली! तुकड्यासाठी शहाणे झालेले शहाणपण ते कसले?"

पुढे वाचनात आले की अमेरिकेतील थॉर्नडाइक यांनी १८९८ साली मांजरे पेटीत कोंडून पाहिली. धडपडीत ज्या कृतीने दार उघडे व बाहेरचे खाणे मिळे, तीच कृती मांजर पुढे लवकर करी. गोड फळ आले की कृती अंगी मुरते. हे वाचले आणि आम्ही चपापलो. कारण काठी बसली की मोत्या घटकाभर गप्प होई. मग ते गोड फळ कोणाच्या पदरात पडे? मारणाऱ्याच्याच! मोत्याला उडीची सवय लागली, तशी मालकाच्या हाताला काठीची. इतके दिवस आम्ही मोत्याच्या सकामपणाची चौकशी करीत होतो, आणि आपल्या रागाला रोज मिळणारा कुटका आम्हांला दिसलाच नव्हता. शिवाय लहानपणी कीर्तनाला आपण तरी कशासाठी जात होतो? खिरापतीसाठीच की!

पहिले काही दिवस भुंकणे उलट वाढले. स्नेही सांगत होते, "रात्रपाळी करून आलो की हात आपोआप कोपऱ्याकडे जायचा." शेवटी ती काठी त्यांनी दिंडीच्या पताकेला लावून टाकली. दीडेक महिन्यात मोत्या दारात बसून राहू लागला. आता दर वेळी तुकडा लागत नाही, कधी डोक्यावरून नुसता हात फिरवला तरी पुरतो. छत्रीवाल्या माणसावर मात्र अजून भुंकतो.

एकादशीला त्या घरात भाकरी होत नाही. मोत्यासाठी दशमीची अर्धी भाकरी झाकून ठेवलेली असते.