मैफलीचा पाठ आणि त्याचे संस्करण

१

एखाद्या गाजलेल्या मैफलीचे जुने ध्वनिमुद्रण नव्या तंत्राने स्वच्छ करून पुन्हा बाजारात आणले जाते, तेव्हा ते विकत घ्यावे की नाही, हा प्रश्न वरवर पाहता ग्राहकाच्या खिशाचा आणि आवडीचा वाटतो. समीक्षेला वाहिलेल्या नियतकालिकात त्याची चर्चा कशासाठी, अशी शंका कोणी घेतली तर ती अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. परंतु थोडे खोलात शिरताच असे ध्यानात येते की, या प्रश्नाच्या पोटात पाठचिकित्सेचे जुनेच प्रश्न दडलेले आहेत. मूळ कशाला म्हणावे? ते शुद्ध करण्याचा अधिकार कोणाचा? आणि शुद्धीच्या नावाखाली जे वगळले जाते, त्याचा जाब कोणी कोणाला द्यायचा? हस्तलिखितांच्या संदर्भात हे प्रश्न आपण गंभीरपणे विचारतो. ध्वनिमुद्रणाच्या संदर्भात मात्र ते वेष्टनावरील जाहिरातीवर सोपवून मोकळे होतो.

प्रथम शब्दांचा घोळ दूर केला पाहिजे. 'रीमास्टर्ड' या एका विशेषणाखाली प्रत्यक्षात निरनिराळ्या क्रिया येतात. जुन्या फितीवरून ध्वनी नव्या माध्यमावर उतरवणे, ही पहिली. फितीची सळसळ आणि मधले खटके कमी करणे, ही दुसरी. खर्ज आणि तार या पट्ट्यांतील ध्वनींचे परस्परप्रमाण बदलणे, ही तिसरी. हळू आवाज उचलून आणि मोठा आवाज दाबून साऱ्या ध्वनीला एकसारखा भरीवपणा आणणे, ही चौथी. पहिलीला जतन म्हणता येईल. बाकीच्या तिन्हींत कोणीतरी निर्णय घेतलेला असतो आणि म्हणून त्या संपादनाच्या क्रिया आहेत. जतन आणि संपादन यांतील हा भेद विसरला की 'जुने टिकवले' या पुण्याच्या आडोशाने 'जुने बदलले' ही गोष्ट सहज खपून जाते.

२

पाश्चात्त्य रॉक संगीतातील एक उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. 'द हू' या इंग्लिश वाद्यवृंदाने १४ फेब्रुवारी १९७० रोजी लीड्स विद्यापीठात केलेल्या कार्यक्रमाची 'लाइव्ह ॲट लीड्स' ही ध्वनिमुद्रिका त्याच वर्षी निघाली. मुद्रणात काही कडकड आवाज राहिले होते. ते तसेच असू द्यावेत, दुरुस्त करू नयेत, अशी सूचना खुद्द तबकडीच्या चकतीवरच छापलेली होती. १९९५ मध्ये अधिक गाण्यांसह या मुद्रिकेची नवी आवृत्ती निघाली, तेव्हा ते आवाज संगणकाच्या साहाय्याने काढून टाकण्यात आले. या दोहोंपैकी मूळ कोणते? कार्यक्रम रात्री घडला तेव्हा सभागृहातील श्रोत्यांनी ते कडकड आवाज ऐकले असतीलच असे नाही, कारण ते मुद्रणयंत्रणेत उमटले होते. म्हणजे घटनेशी निष्ठा राखायची, तर ते काढणेच योग्य. परंतु १९७० साली जी कृती म्हणून लोकांसमोर आली, तिचा ते जाणीवपूर्वक ठेवलेला भाग होते. म्हणजे कृतीशी निष्ठा राखायची, तर ते ठेवणेच योग्य.

घटना आणि कृती यांतील हे द्वैत जिवंत मुद्रणाच्या स्वरूपातच आहे. वाल्टर बेंजामिनने १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात असे मांडले की, यांत्रिक पुनरुत्पादनामुळे कलाकृतीचे स्थलकालबद्ध तेजोवलय नाहीसे होते. जिवंत ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत मात्र असे दिसते की, तेजोवलय एका ठिकाणाहून मावळते आणि दुसऱ्या ठिकाणी उगवते. मैफल संपते. पुढे तिची पहिली मुद्रिकाच मूळ ठरते आणि रसिक तिच्यातील ओरखड्यांसह तिच्यावर प्रेम करू लागतात. या प्रेमाला नुसते स्मरणरंजन म्हणून निकालात काढणे सोपे आहे. पण ज्या रूपात कृती पंचवीस-तीस वर्षे ऐकली गेली, जिच्यावर मते बनली, वाद झाले, ते रूपही तिच्या इतिहासाचा भाग असते, हे पाठचिकित्सकाला तरी नाकारता येणार नाही.

३

आता हाच प्रश्न आपल्या मैफलीला लावून पाहू. कुमार गंधर्व १९४८ मध्ये क्षयाने आजारी अवस्थेत देवासला आले. काही वर्षे त्यांचे गाणे बंद राहिले. त्यानंतर जे गाणे प्रकट झाले, ते आखूड आवर्तांचे, एकाएकी फेकलेल्या स्वरांचे आणि तितक्याच एकाएकी पुटपुटण्यापर्यंत उतरणाऱ्या आवाजाचे होते. त्या गाण्यात दोन स्वरवाक्यांमधल्या थांब्याला स्वरवाक्याइतकेच मोल आहे, ही गोष्ट त्यांच्या श्रोत्यांना सांगावी लागत नाही. १९९२ मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर त्यांच्या मैफलींची कितीतरी मुद्रणे प्रकाशात आली. अशी मुद्रणे 'स्वच्छ' करताना नेमके काय घडू शकते, हे पाहण्यासारखे आहे.

थांब्यात गायक गप्प असतो, पण तो थांबा रिकामा नसतो. तेथे तानपुरे वाजत असतात. कुमारांनी तानपुऱ्याच्या जुळणीला किती महत्त्व दिले, हे प्रसिद्धच आहे. तानपुऱ्याच्या जवारीतून निघणारे अतिसूक्ष्म उच्च स्वरांश आणि फितीची सळसळ यांचे ध्वनिक्षेत्र बरेचसे एकच असते. यंत्राला सळसळ कमी करण्यास सांगितले की, ते हे स्वरांशही कमी करते. ज्या पोकळीवर गायकाने पुढचा स्वर ठेवला, ती पोकळी मग खरोखरच रिकामी होते. त्यात हळू आवाज उचलून मोठा आवाज दाबला, तर फेक आणि कुजबुज यांतील अंतर आटते. ऐकणाऱ्याला वाटते, आवाज किती स्पष्ट झाला. प्रत्यक्षात गाण्याचे एक अंग झिजलेले असते. फितीच्या गतीचेही असेच आहे. गतीत सुमारे सहा टक्के फरक पडला, तर अख्ख्या अर्धस्वराचा फरक पडतो. आपल्या गायनात षड्ज ठरीव पट्टीला बांधलेला नसल्याने हा फरक चटकन लक्षात येत नाही. लय बदलते, आवाजाचे वयदेखील बदलते आणि श्रोता त्या गायकाविषयी चुकीचे मत बनवून बसतो.

याहून अवघड प्रश्न साथीदाराचा आहे. कुमारांचे दीर्घकाळचे तबलासाथीदार पंडित वसंतराव आचरेकर यांचे नाव सिंधुदुर्गात वेगळ्या आत्मीयतेने घेतले जाते. कणकवलीत त्यांच्या नावाचे सांस्कृतिक प्रतिष्ठान आहे. मैफलीच्या मुद्रणात ध्वनिग्राहक बहुधा गायकासमोर असतो. त्यामुळे तबला दूरचा, कधी कधी भिंतीपलीकडचा वाटतो. नव्या आवृत्तीत तो पुढे आणला, तर साथीदाराला न्याय मिळाला म्हणायचे, की मैफलीत नसलेला समतोल रचला म्हणायचे? ध्वनिग्राहकाने ऐकले ते आणि दहाव्या रांगेतील श्रोत्याने ऐकले ते कधीच एक नव्हते. तेव्हा जुनी फीत म्हणजे निखळ सत्य आणि नवी आवृत्ती म्हणजे भेसळ, ही सोपी विभागणीदेखील टिकत नाही. फितीनेही एक संपादन केलेले असतेच. फरक इतकाच की, ते त्याच खोलीत, त्याच वेळी झालेले असते.

आणि श्रोते? पु. ल. देशपांडे यांच्या कथाकथनाच्या ध्वनिफितींतून सभागृहातील हसणे वगळल्याची कल्पना करून पाहावी. वाक्यावाक्यांमधील विराम निरर्थक ठरतील, कारण ते विराम त्या हसण्यानेच मागितलेले आहेत. मैफलीतील दाद याच जातीची असते. एखाद्या जागेवर उमटलेला 'वा' हा गायकाच्या पुढच्या वाक्याचे कारण असू शकतो. तो गोंगाट म्हणून पुसणे म्हणजे परिणाम ठेवून कारण पुसणे होय. गोंगाट कशाला म्हणायचे, हे ठरवताना मैफलीची निर्मिती कोणाकोणाची, हेही आपण ठरवत असतो. या प्रश्नाचे नैतिक अंग नेमके येथे आहे.

४

ज्या कलेला लिखित संहिताच नाही, तिच्याबाबतीत हे अंग अधिक उघडे पडते. सिंधुदुर्गातील दशावतारात आख्यानाचे सूत्र ठरलेले असले, तरी संवाद नट रंगभूमीवर उभ्या उभ्या रचतो. हार्मोनियम, पखवाज आणि झांज यांच्या साथीने देवळासमोर रात्रभर चालणाऱ्या त्या खेळाची लिखित प्रत कोठे नसते. 'रातीचो राजा, सकाळी कपाळार बोजा' असे ज्या नटांविषयी म्हटले जाई, त्यांच्या मागे राहते ते एखादे मुद्रण. त्यात जत्रेतील दुकानांचा गलबला असतो, पोरांचा आरडाओरडा असतो आणि भर संवादात प्रेक्षकांतून आलेला एखादा मालवणी शेरा असतो, ज्याला राजाच्या वेषातील नट तिथल्या तिथे उत्तर देतो. हा शेरा 'स्वच्छ' केला, तर राहिलेले उत्तर कोणाला, हे कळणार नाही. नव्या पिढीतील नट मुद्रणे ऐकून शिकणार, गायनाचे विद्यार्थीही तेच करणार. त्यांच्या हाती जे येईल, तेच पुढे परंपरा म्हणून ओळखले जाईल. म्हणून हा प्रश्न केवळ हौशी संग्राहकांचा राहत नाही.

यावर एक रास्त आक्षेप येऊ शकतो. फिती नाश पावत आहेत. कोकणच्या दमट हवेत त्यांवर बुरशी चढते, वरचा लेप सुटू लागतो. व्यापारी आवृत्ती निघाली नाही, तर खर्च कोण करणार? अस्पष्ट मुद्रण नवा श्रोता दोन मिनिटेही ऐकत नाही. अशा स्थितीत शुद्धतेचा आग्रह म्हणजे कृतीला मरू देणे नव्हे काय? आक्षेपात तथ्य आहे. ज्ञानेश्वरीचा पाठ लेखकपरंपरेत बिघडला होता म्हणूनच एकनाथांना शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, तो शुद्ध करावा लागला. त्यांनी तो केला नसता, तर आपण आज कोठे असतो, हे सांगणे कठीण आहे. यापुढे कोणी पदरची ओवी घालू नये, असेही त्यांनी बजावले. तथापि त्यांनी काय बदलले आणि काय गाळले, याची नोंद उरली नाही. म्हणून इतिहासाचार्य राजवाड्यांना एकनाथपूर्व वाटलेल्या पोथीवरून १९०९ मध्ये वेगळी ज्ञानेश्वरी छापावीशी वाटली. त्यानंतरचे वाद अभ्यासकांना परिचित आहेत.

त्याच्या शेजारी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची महाभारताची चिकित्सित आवृत्ती ठेवून पाहावी. १९१९ मध्ये आरंभलेले हे काम १९६६ मध्ये पूर्ण झाले. डॉ. वि. स. सुखटणकरांनी घालून दिलेल्या पद्धतीत स्वीकारलेला पाठ वर आणि नाकारलेले पाठ तळाशी दिले जातात. जेथे संपादकाची खात्री नाही, तेथे शब्दांखाली नागमोडी रेघ असते. संपादकाशी मतभेद असलेला वाचक तळटीपेतून आपला पाठ निवडू शकतो. ध्वनीला तळटीप नसते, हीच खरी अडचण आहे. कापलेल्या जागेचा सांधा कानाला लागू नये यातच ध्वनितंत्रज्ञाचे कौशल्य मानले जाते, म्हणजे नागमोडी रेघ पुसणे हाच येथे कौशल्याचा निकष होऊन बसतो. त्यामुळे जे ध्वनीत दाखवता येत नाही, ते वेष्टनावर लिहिण्याचे बंधन अधिकच कडक असले पाहिजे.

५

तेव्हा विकत घ्यावे काय? मूळ मुद्रिकेची जागा घेणारी वस्तू म्हणून घेऊ नये. पाठभेद म्हणून अवश्य घ्यावे. हा केवळ शब्दच्छल नाही. पाठभेद म्हणून घेणारा जुनी तबकडी किंवा फीत मोडीत काढत नाही, दोन्ही ऐकून ताडतो आणि प्रकाशकाकडून संपादकाची जबाबदारी मागतो. मूळ फीत कोणती, कोणाच्या संग्रहातील, मैफल कोठली आणि कधीची, काय काढले, काय उचलले, एवढे जेथे सांगितलेले असेल, तेथे पैसे खर्चणे सार्थ आहे. जेथे फक्त 'डिजिटल' आणि 'नवे' ही विशेषणे असतील, तेथे हात आखडलेला बरा. ज्याच्याकडे जुने काहीच नाही, अशा विद्यार्थ्यानेही हीच कसोटी लावावी.

आणखी एक मागणी करायला हवी. प्रयोग करणाऱ्या कलावंताचा हक्क आपल्या प्रताधिकार कायद्याने १९९४ च्या दुरुस्तीने मान्य केला आणि २०१२ च्या दुरुस्तीने त्याला व्यापारी वापराच्या मानधनाशी जोडले. कायद्याच्या व्याख्येत 'कलावंत' या शब्दात वादकही येतो. तरीही नव्या आवृत्त्यांच्या वेष्टनावर तबलजीचे नाव बारीक अक्षरांत असते आणि तानपुऱ्यावर कोण होते, हे तर पुष्कळदा छापलेलेच नसते. त्यांचा आवाज यंत्राने पुढे आणायचा आणि नाव मागे ठेवायचे, यात विसंगती आहे. नावे देण्यास तंत्रज्ञान लागत नाही.

आज संगीत बहुतांशी इंटरनेटवरील सेवांतून ऐकले जाते. तेथे नवी आवृत्ती आली की जुनी बरेचदा गाजावाजा न होता नाहीशी होते आणि श्रोत्याला ते कळतही नाही. पोथ्यांच्या काळात नवी प्रत झाल्यावर जुनी जाळली जात नव्हती. ती माळ्यावर पडून राहत असे आणि म्हणूनच पाठचिकित्सा शक्य झाली. घरातील कपाटात राहिलेली जुनी तबकडी आज तेच काम करते. ती सांभाळणाऱ्याला कोणी संग्राहक म्हणो, कोणी जुन्यात रमणारा म्हणो. उद्याच्या संपादकाला पाठ ताडून पाहण्यासाठी त्याच्याच दारी जावे लागेल.