वाळू आणि वेल



प्रभू येशू ४० दिवस अरण्यात राहिला. तिथे तो वन्य पशूंच्या सहवासात होता, असे संत मार्क सांगतो. म्हणजे ते ओसाड रानही रिकामे नव्हते.

आपल्या श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर वाळू, वारा, मीठ निर्जीव. मर्यादवेल, खेकडे सजीव. वारा वाळू आणतो, वेल ती धरून ठेवते. त्या वाळूच्या उंचवट्यामुळे नारळी-पोफळीच्या वाड्यांना आडोसा मिळतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात वाड्या आडव्या झाल्या. आडोशाचे मोल आपण जाणतो. तरी त्याच वेलीवरून आपण गाड्या नेतो.

देवाने वाळू वेलीच्या हाती दिली आणि दोन्ही आपल्या हाती. या प्रायश्चित्तकाळात वेल तुडवायची नाही, एवढा उपवास आपण सारे करू या.