उरवाईचा चढ आणि तपाचा प्रश्न

लष्कर भागातल्या जयेंद्रगंजातून सायकल काढली की ग्वाल्हेरचा किल्ला काही लांब नाही. भोवतालच्या सपाटीपासून त्याची उंची जेमतेम 100 मीटर. सिंहगडाचा घाट नित्याचा असलेल्या पुणेकर सायकलस्वाराला हा चढ अंग गरम करण्यापुरताच वाटेल. पण लष्करवाल्यांच्या हाताशी आहे तो हाच. पूर्वेची ग्वाल्हेर दरवाज्याची वाट पायी चढणाऱ्यांची. चाकांसाठी पश्चिमेचा उरवाईचा रस्ता. अरुंद, वळणाचा, वरून मोटार आली की श्वासाबरोबर तोलही सांभाळायला लावणारा.

या श्रमाचे गणित मांडले तर थोडी निराशाच होते. सायकलसकट 80 किलो वजन 100 मीटर वर न्यायला साधारण 19 किलोकॅलरी पुरतात. स्नायूंना मिळालेल्या ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा कामी येतो, हे धरूनही खर्च 80 च्या आसपास, म्हणजे एका फुलक्याइतका. खाली उतरून बेडई-जिलबीवर ताव मारणाऱ्याने निदान वजनाचे कारण पुढे करू नये.

मग चढायचे कशासाठी? सायकलस्वारांत यावर ‘तपश्चर्या’ हा शब्द सर्रास ऐकू येतो. एरवी तो हसून सोडून देता आला असता. उरवाईवर ते जमत नाही, कारण इथे रस्त्यालगतच्या कड्यातच तपस्वी उभे आहेत.

पंधराव्या शतकात, तोमर राजांच्या काळात कोरलेल्या या तीर्थंकरमूर्ती. त्यांतली आदिनाथांची सर्वांत उंच, सुमारे 17 मीटरची. त्या विद्रूप करण्याचा हुकूम आपण दिला, हे बाबराने स्वतःच्या आत्मचरित्रात नोंदवून ठेवले आहे. उभ्या मूर्ती कायोत्सर्गात आहेत: हात देहापासून किंचित सुटे, नजर स्थिर, शरीरावरची माया सोडलेली. जैन शास्त्राने बाह्य तपाचे सहा प्रकार सांगितले. त्यांत कायक्लेश हा एक. ऊन, थंडी, अवघड आसन हे सारे जाणूनबुजून सोसायचे. वरवर पाहता दुसऱ्या वळणावर धापा टाकणारा सायकलस्वार या यादीत सहज बसतो. मात्र त्याच्या छातीला पट्टा असतो आणि हँडलवरच्या पडद्यावर हृदयाचे ठोके. देहाची इतकी बारीक चौकशी तर डॉक्टरही करत नाही! समोरची मूर्ती नेमके उलटे सांगते आहे.

गीतेच्या सतराव्या अध्यायात तपाची प्रतवारी आहे. फळाची आस न धरता श्रद्धेने केलेले ते सात्त्विक. मानासाठी, दिखाव्यासाठी केलेले ते राजस, आणि त्याचे फळ टिकत नाही, असेही तिथे बजावले आहे. 2009 मध्ये सुरू झालेल्या स्ट्राव्हा या अ‍ॅपवर चढाच्या एकेका तुकड्याचा ‘राजा’ ठरतो. आज मिळवलेला मुकुट उद्या पहाटे कोणी दुसरा घेऊन जातो. राजस तपाचे याहून चोख उदाहरण शोधूनही सापडणार नाही. मूढ हट्टाने स्वतःला पीडा देणारे तप ते तामस. 13 जुलै 1967 रोजी टूर द फ्रान्समध्ये माँ व्हाँतूच्या चढावर, रणरणत्या उन्हात टॉम सिम्पसन कोसळला. त्याला पुन्हा सायकलवर बसवले गेले, तो पुन्हा पडला आणि गेला. वय 29. शरीरात अ‍ॅम्फेटामाइन सापडले.

राजसाला नाक मुरडायचे कारण नाही. चढाओढीत मौज आहे, पहाटे अंथरूण सोडायला ती पुरते. त्या मौजेला तपाचे भगवे चढवणे तेवढे टाळावे.

चढ संपला की वर किल्ल्यात दाता बंदी छोड गुरुद्वारा आहे. जहांगीरने गुरू हरगोविंदांना याच किल्ल्यात कैद केले होते. सुटकेच्या वेळी त्यांनी आपल्यासोबत 52 राजांनाही सोडवले, अशी शीख परंपरा सांगते. गुरू नानकांनी देहदंडाला मुक्तीचा मार्ग मानले नाही; कष्टाची कमाई करावी, ती वाटून खावी, हा त्यांचा आग्रह. त्या हिशेबात चढून आलेल्याचा घाम जमेस धरला जात नाही. लंगरात पोळ्या लाटणाऱ्याचा धरला जातो.

आणि कॅरिअरला दुधाच्या किटल्या अडकवून सायकल रेटणारा? चढ त्याने निवडलेला नाही, त्यामुळे त्याला कोणी तपस्वी म्हणत नाही. जैन विचाराने मात्र त्याचीही नोंद ठेवली आहे. नाइलाजाने, पण शांतपणे सोसलेल्या दुःखानेही काही कर्म झडते; या झडण्याला अकाम निर्जरा म्हणतात. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात देवायुष्य मिळवून देणाऱ्या कारणांत ही अकाम निर्जरा येते आणि तिच्या लगेच पुढे बालतप, म्हणजे समजुतीविना केलेले तप. दूधवाला पहिल्या खात्यात, पट्टा बांधलेला सायकलस्वार बहुधा दुसऱ्या. दोघांनाही स्वर्ग मिळू शकतो. मोक्षासाठी मात्र दोघांनाही सम्यक् दर्शनापासून, म्हणजे योग्य श्रद्धेपासून, सुरुवात करावी लागेल, आणि त्या कामी गिअरची सायकल व किटल्यांची सायकल यांत उमास्वाती फरक करत नाहीत.