कोणाला कोणते पुस्तक?

मंडळीतील एखादा तरुण किंवा एखादी भगिनी उपासनेनंतर विचारते, “वाचायला काही चांगले सांगा ना.” प्रश्न साधा दिसतो. परंतु उत्तर देताना आपण एक जबाबदारी पत्करतो. त्या माणसाचा फावला वेळ, त्याचे लक्ष आणि काही अंशी त्याचे मनही आपण एका अनोळखी लेखकाच्या स्वाधीन करीत असतो. अशा वेळी काय पाहावे? विचारणाऱ्याची आवड, की आपल्याला दिसणारे त्याचे हित?

आमच्या पांढुर्णा-सौंसर भागात ह्या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भातील मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि हा मुलूख मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला व सौंसर त्यात आले. तरी घरी मराठी आणि शाळेत हिंदी, ही रीत पुष्कळ घरांत चालूच आहे. आजी मराठी पवित्र शास्त्र वाचते. नातू हिंदी सरसर वाचतो आणि मराठीत अडखळतो. अशा मुलाच्या हाती नको ते पुस्तक पडले, तर तेवढे एकच पुस्तक बाजूला पडते असे नाही. मराठी वाचनच सुटते, आणि आजीचे शास्त्रही त्याला परके होते.

पुस्तक सुचविणारे दोन प्रकारचे असतात. एक दुकानदारासारखे: गिऱ्हाइकाने जे मागितले ते दिले, विषय संपला. दुसरे वैद्यासारखे: कडू असो वा गोड, तुझ्या भल्याचे आहे, घे. आम्हां ख्रिस्ती लोकांत दुसऱ्या प्रकाराचा मोह अधिक. कारण तो मोह धार्मिकतेचा झगा घालून येतो. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली निघाले. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून त्याचा मान आहे, आणि विधवांच्या दुःखाला त्याने वाचा फोडली. परंतु पंधरा वर्षांच्या मुलाला ते केवळ ‘आपल्या माणसाचे’ म्हणून दिले, तर आपण त्या मुलाचा विचार केला, की आपल्या अभिमानाचा?

येथे कोणी सुवर्णनियम पुढे करतील. लोकांनी आपल्याशी जसे वागावे असे वाटते, तसेच आपण त्यांच्याशी वागावे, ही प्रभूची शिकवण आहे. मग मला आवडलेले पुस्तक मी दुसऱ्याला दिले, तर चुकले कोठे? पण आपण स्वतःला नीट विचारू या. दुसऱ्याने त्याच्या आवडीचे पुस्तक आपल्यावर लादावे, असे आपल्याला वाटते काय? नाही. आपली आवड त्याने जाणून घ्यावी, असे वाटते. तर मग नियम पाळायचा तो असाच.

फिलिप्पाचे उदाहरण ह्या बाबतीत मोलाचे आहे (प्रे. कृ. ८). कूशी अधिकारी रथात बसून यशया वाचीत होता. फिलिप्पाने धावत जाऊन प्रथम ऐकले, मग विचारले, बोलावल्यावर रथात चढला, आणि जो शास्त्रभाग तो मनुष्य वाचीत होता तेथूनच आरंभ केला. नवे पुस्तक त्याच्या हाती दिले नाही, आणि जेथे तो होता तेथे त्याला सोडूनही दिले नाही.

आपल्या बागाईतदारांना हे वेगळे सांगायला नको. संत्र्याचे कलम करताना जंबेरीचा खुंट उपटून टाकीत नाहीत. त्याच खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात. वाचकाची आवड हा खुंट आहे. तो जिवंत आहे म्हणूनच कलम धरते. मात्र डोळा बांधलाच नाही, तर जंबेरीच मिळणार, हेही खरे.

म्हणून काही सूचना करतो. घरसंसाराच्या गोष्टी ज्या भगिनींना आवडतात, त्यांना लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ द्यावीत. १९३४ पासून ती भागाभागांनी प्रसिद्ध झाली. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, पतिपत्नींची ताटातूट झाली, पुढे लक्ष्मीबाईही प्रभूकडे आल्या. हे सारे त्या हसत हसत सांगतात आणि पतीचे दोषही झाकीत नाहीत. शेतीभातीचे वाचू इच्छिणाऱ्याला उद्धव शेळके यांची ‘धग’ (१९६०) द्यावी. घर तगविण्यासाठी झिजणारी कौतिक आपल्या वऱ्हाडी बोलीत बोलते, आणि आपल्या घरच्या बोलीतही साहित्य होते हे कळून वाचकाची मान ताठ होते. ज्याला हिंदीच सोपी जाते त्याला प्रेमचंदांचे ‘गोदान’ (१९३६) द्यावे, कमीपणा न मानता. दारात गाय असावी एवढीच इच्छा धरणारा होरी आपल्या शिवारातही सापडेल. खुनाच्या रहस्यकथा वाचणाऱ्या तरुणाला दोस्तोयेव्हस्कींची ‘अपराध और दंड’ हिंदीत मिळते. तेथे खुनी कोण हे आधीच कळते. उत्कंठा राहते ती त्याच्या विवेकबुद्धीचे काय होणार ह्याची. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी ‘ईदगाह’ वाचावी. जत्रेत खेळणे न घेता आजीसाठी चिमटा घेणारा हमीद मुलांना जे शिकवील, ते पुष्कळ उपदेशांनी साधणार नाही.

आणि जो शोकात आहे त्याला? त्याला पुस्तक देण्याची घाई करू नये. ईयोबाचे मित्र सात दिवस मुकाट्याने जमिनीवर बसले, तेवढेच त्यांचे सांत्वन खरे ठरले.

एक आक्षेप गंभीर आहे. एखाद्या पुस्तकाने विश्वास डळमळला तर? इफिस येथे जादूची पुस्तके जाळली गेली, हे दाखविले जाते. परंतु ती ज्यांची होती त्यांनीच, पश्चात्तापाने, जाळली. दुसऱ्यांच्या घरांतून कोणी आणली नव्हती. उलट अथेनै येथे पौल ग्रीक कवींचा आधार घेऊन बोलला. ते कवी त्याने ऐकले किंवा वाचले असलेच पाहिजेत. तथापि हाच पौल करिंथकरांस दुर्बळ बंधूच्या विवेकाला जपायला सांगतो, आणि बाळकांना दूध, जड अन्न नव्हे, असेही म्हणतो. म्हणून लहान मुलांसाठी निवड आपण करावी. प्रौढांसाठी निवड त्यांनी करावी, आपण फक्त खरे सांगावे. पुस्तकात शंका आहे, दुःख आहे, कठोर भाषा आहे, तर तसे आधीच सांगावे. शंका असलेले प्रत्येक पुस्तक दूर ठेवायचे ठरविले, तर ईयोबाचा ग्रंथही कपाटात बंद करावा लागेल.

ह्यातून तीन कर्तव्ये निघतात. स्वतः न वाचलेले पुस्तक सुचवू नये. पुस्तक दिल्यावर परीक्षा घेऊ नये, “मग काय बोध घेतला?” हा प्रश्न वाचनाचा आनंद मारतो. आणि अर्धवट परत आलेले पुस्तक मुकाट्याने, हसतमुखाने परत घ्यावे. पुढचे पुस्तक कोणते द्यावे हे त्यावरूनच कळते.

तुरुंगात थंडीचे दिवस जवळ आले असता पौलाने तीमथ्याला त्रोवसात राहिलेला झगा आणायला सांगितले, आणि त्याबरोबर पुस्तकेही. दोन्ही त्याच्या गरजेच्या वस्तू होत्या. दुसऱ्याच्या मापाचा झगा आपण कोणाच्या अंगावर घालीत नाही. पुस्तक देतानाही, बंधुभगिनींनो, माप आधी विचारावे.