आधी सिलिंडर मोज, मग आभाळाकडे बघ

बाबू, एअर ॲम्ब्युलन्सवर जायचं म्हणतोस. जा की! आपल्या अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ ला मुंबईचं विमान सुरू झालं आणि तेव्हापासून तुझे पाय जमिनीला लागेनात. मोबाईलवर दिवसभर तेच व्हिडिओ. निळा पोशाख, डोक्यावर हेडफोन, विमानात चढणारं स्ट्रेचर. पोशाख शिंपी शिवून देईल. मला एवढंच सांग, काल ॲम्ब्युलन्सच्या ड्युटीवर चढताना ऑक्सिजन सिलिंडरचा काटा पाहिला होतास का?

नव्हता पाहिला. रजिस्टरात मात्र बरोबरची खूण आहे, तुझ्याच हातची. “रात्रपाळीवाल्याने पाहिला असेल, सर.” असेल! रस्त्यावर हे ‘असेल’ एखाद्या वेळी खपून जाईल. सिलिंडर संपला तर दुसरी गाडी बोलावशील, वाटेतल्या दवाखान्यात शिरशील. पंचवीस हजार फुटांवर कोणाच्या दारात शिरणार आहेस?

चल, गणित कर. तिवस्यातला पेशंट मुंबईला न्यायचा आहे. मिनिटाला १० लिटर ऑक्सिजन लागतो. बेलोऱ्यापर्यंत एक तास धर, विमानात चढवायला अर्धा, हवेत दोन, उतरल्यावर मुंबईच्या गर्दीतून आणखी एक. झाली २७० मिनिटं, म्हणजे २७०० लिटर. उशीर होणारच, म्हणून निम्मा वरचा धर. ४०५० लिटर. बी टाइप सिलिंडरात भरलेला असताना साधारण १५०० लिटर. म्हणजे तीन सिलिंडर, तेही काठोकाठ भरलेले. यात अवघड काय आहे? परवा माझ्यासमोर एका दमात तोंडी करून दाखवलंस. मग गाडीत पाय ठेवला की हे गणित कुठे जातं?

बॉइलचा नियम अकरावीत पाठ केलास. दाब कमी झाला की वायू फुगतो. पेपरात लिहिलास, मार्क घेतलेस, विसरलास. विमानाच्या केबिनमधला दाब आठ हजार फुटांच्या डोंगरावर असतो तेवढाच धर. तिथे बंद जागेतली हवा सुमारे एक तृतीयांशाने फुगते. अपघातातल्या माणसाच्या छातीत फुप्फुसाबाहेर थोडी हवा साठली असेल, तर जमिनीवर तो बोलत असतो आणि वर गेल्यावर घुसमटतो. म्हणून उडण्याआधीच छातीत नळी घालावी लागते. श्वासनलिकेतल्या ट्यूबचा फुगा वर जाताना ताणतो, खाली येताना सैलावतो, म्हणून त्याचा दाब दोन्ही वेळा तपासायचा. हे तुला माहीत आहे. वहीत तुझ्याच अक्षरात आहे. पण गेल्या सरावाला त्या फुग्याचं, म्हणजे कफचं, प्रेशर मोजायचं मीटर पिशवीतून बाहेर काढलंस का? बोटाने दाबून “ठीक वाटतंय” म्हणालास. वाटतंय? काऊन बाबू, पेशंट काय तुझ्या वाटण्यावर श्वास घेणार आहे?

हेलिकॉप्टरच्या घरघरीत स्टेथोस्कोप निकामी होतो. छातीची हालचाल डोळ्यांनी पाहावी लागते, मॉनिटरवरचा कार्बन डायऑक्साइडचा आलेख वाचावा लागतो. शॉक द्यायचा तर आधी वैमानिकाला सांगावं लागतं. उंचीवर शरीराचं काय होतं ते शिकवायला बंगळुरूला हवाई दलाची संस्था १९५७ पासून आहे. धडधाकट वैमानिकालासुद्धा कमी दाबाच्या खोलीत बसवून त्याची बुद्धी कशी मंदावते ते त्याला दाखवतात. त्याला शिकावं लागतं आणि तुला व्हिडिओ पुरतो?

“आपल्याकडे कुठे हेलिकॉप्टर येतं, सर?” ही तुझी आवडती ढाल. जर्मनीत १९७० साली म्युनिकमध्ये ‘ख्रिस्तोफ १’ हे बचाव-हेलिकॉप्टर सुरू झालं. तिथल्या अशा हेलिकॉप्टरवर पॅरामेडिक वैमानिकाशेजारी बसतो, वाट शोधतो, उतरताना तारा आणि झाडं बघतो. तुला सांगितलं होतं, हायवेलगत उतरण्याजोगी जागा शोधून ये. शंभर फूट लांब, शंभर फूट रुंद, वर महावितरणची तार नको, जवळ पऱ्हाटीचा ढीग नको, उडणारं प्लास्टिक नको. यासाठी हेलिकॉप्टर लागतं की दोन पाय? गेलास का? मोझरीला गुरुकुंजात सामुदायिक प्रार्थनेला मात्र नेमाने बसतोस. तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत श्रमाचं मोल सांगितलं, ती पानं तुझ्या प्रतीत चिकटलेली आहेत का?

आता तुझा सगळ्यांत मोठा दोष ऐक. तू आळशी आहेस, ते परवडलं. तू गप्प बसतोस. परवाच्या सरावात ड्रिप चुकीची लावली गेली, तुला दिसली, पण लावणारा डॉक्टर होता. तू मान हलवलीस आणि “हो साहेब” म्हणालास. १९७७ साली टेनेरिफच्या धावपट्टीवर दोन जम्बो विमानं आदळली, ५८३ माणसं गेली. फ्लाइट इंजिनिअरने शंका काढली होती. कॉकपिटमध्ये ती झटकली गेली आणि त्यानेही पुढे रेटली नाही. १९७९ मध्ये नासाच्या बैठकीतून क्रू रिसोर्स मॅनेजमेंटचं प्रशिक्षण निघालं ते अशाच अपघातांच्या अभ्यासातून. वरिष्ठासमोर तोंड उघडणं ही तिथे शिकायची गोष्ट आहे. अमेरिकेत कित्येक हवाई रुग्णसेवांचा रिवाज असा की निघायला पथकातल्या तिघांचा होकार लागतो, थांबायला एकाचा नकार पुरतो. २५ मे २०११ च्या रात्री पाटण्याहून दिल्लीला रुग्ण नेणारं विमान वादळी हवेत फरिदाबादच्या वस्तीवर कोसळलं. विमानातले सात आणि खालचे तीन, दहा जीव गेले. अशा रात्री नकार द्यायची पाळी तुझ्यावर आली तर? तू मान हलवशील.

नशिबाची गोष्ट काढू नकोस. ६ मे २०२१ ला आपल्या नागपूरहून निघालेल्या एअर ॲम्ब्युलन्सचं चाक उड्डाणातच निखळलं. मुंबईला ते विमान पोटावर उतरवलं आणि आतले पाचही जण वाचले. लोक म्हणाले, दैव बलवत्तर. दैव चाक बसवून देत नाही, बाबू. बिघाड झाल्यावर काय करायचं ते आधीच हाडीमाशी मुरलेलं असावं लागतं. तशा वेळी पेशंटचे पट्टे आवळायचे, सुटं सामान बांधायचं, थांबताक्षणी स्ट्रेचर बाहेर काढायचं. डोळे मिटून पट्ट्याचं बक्कल लावता येतं का तुला? गेल्या वेळी उघड्या डोळ्यांनी दोनदा चुकलास आणि हसलास.

“सर, प्रमाणपत्र आहे ना!” आहे. एसीएलएसचं, म्हणजे प्रगत हृदयसंजीवनीचं, कार्ड दोन वर्षं चालतं, तुझं संपलं. कागदाची मुदत छापलेली तरी असते. हाताची मुदत त्याआधीच संपते, सराव थांबला त्या दिवशी. इंग्रजी पुस्तक जड जातं म्हणतोस. क्रिकेटच्या ॲपवरचं इंग्रजी कसं कळतं रे? वेळ नाही म्हणतोस. चौकातल्या टपरीवर संध्याकाळी कोणाचा वेळ बसलेला असतो?

तुला जमण्यासारखं नसतं तर मी एवढी वाफ दवडली नसती. पालथ्या घड्यावर पाणी ओतायची मला हौस नाही. तुझा हात चांगला आहे, नजर तीक्ष्ण आहे, दंगलीसारख्या गर्दीत लहान लेकराची शीर तू पहिल्या टोचणीत शोधलेली मी पाहिली आहे. म्हणूनच चीड येते. ज्याला येत नाही त्याला शिकवता येतं. येत असून करत नाही, त्याचं काय करावं?

शिफारसपत्र मागतोस. महिनाभर रोज गाडी स्वतः तपास. न पाहता एकही खूण करू नकोस. उतरण्याची जागा शोध, कार्ड नवं कर, आणि चूक दिसली की समोर कोण आहे ते न बघता बोल. एवढं केलंस तर पत्र मागायला यायची गरज नाही, मीच घेऊन येईन. नाही केलंस तर जमिनीवरच राहा, आणि जमिनीवरच्या पेशंटवरही माझ्या परवानगीशिवाय हात ठेवू नकोस.