शेजारच्या बाकाशी तुलना

जून उजाडला की घराघरांत एकच विषय असतो: कट-ऑफ. यादी लागते, एका घरी पेढे वाटले जातात, दुसऱ्या घरी ताटं तशीच झाकून राहतात. यादीतले आकडे आपण वरून खाली वाचतो आणि हुशारीचाही क्रम तोच, असं धरून चालतो. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यानं 1997 साली हा क्रम जरा निराळ्या तऱ्हेनं लावून पाहिला. सकाळच्या शांत वेळी त्याचा विचार करण्यासारखा आहे.

ऑस्टिनचं टेक्सास विद्यापीठ सरकारी आहे. पश्चिम टेक्सासच्या उजाड माळावर, विद्यापीठाच्या नावे राखलेल्या सरकारी जमिनीत, 1923 साली तेल लागलं आणि त्या तेलाच्या उत्पन्नावर विद्यापीठाची गंगाजळी वाढत गेली. याच विद्यापीठानं हेमन स्वेट या कृष्णवर्णीय तरुणाला कायद्याच्या शिक्षणासाठी दार उघडलं नव्हतं; 1950 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, तेव्हा ते उघडलं. पुढे सगळ्यांना अर्ज करण्याची मोकळीक आली. तरी पहिल्या वर्षाचा वर्ग भरायचा तो मोठ्या प्रमाणात मोजक्याच शाळांतून, त्याही बहुतेक सुखवस्तू उपनगरांतल्या. राज्यात हायस्कुलं हजारावर. त्यातल्या कितीतरी शाळांतून वर्षानुवर्षं एकही अर्ज यायचा नाही. तेल माळावरचं आणि वर्गातले बाक उपनगराचे, असा एकूण मामला.

1996 मध्ये तिथल्या संघीय न्यायालयानं प्रवेश देताना वंशाचा विचार करण्यास मनाई केली. तेव्हा इर्मा रेंजेल या आमदारबाईंनी पुढच्याच वर्षी एक विधेयक मांडलं. नियम एका वाक्यात मावणारा: राज्यातल्या कोणत्याही हायस्कुलात जो विद्यार्थी आपल्या वर्गात पहिल्या दहा टक्क्यांत येईल, त्याला राज्याच्या सरकारी विद्यापीठात प्रवेश मिळालाच पाहिजे. गव्हर्नर जॉर्ज बुश यांनी त्यावर सही केली. शहरांतल्या कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वस्त्यांचे प्रतिनिधी या बाजूला होतेच. त्यांच्या जोडीला खेड्यापाड्यांतले गोरे आमदारही आले. एरवी ही मंडळी एका पंगतीला बसणारी नव्हेत. पण ‘आमच्या गावचं पोर तिथं का दिसत नाही?’ हा प्रश्न दोघांचाही होता.

या नियमानं मुलाची तुलना साऱ्या राज्याशी केली नाही. शेजारच्या बाकावरच्या मुलाशी केली. तेच मास्तर, तीच गळकी किंवा न गळणारी प्रयोगशाळा, आणि त्यात तू कितवा? कोरडवाहू रानात एकरी चार पोती ज्वारी काढणाऱ्याला कॅनॉलकाठच्या उसाचे आकडे दाखवून कमी लेखायचं नाही, हे आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. परीक्षेच्या बाबतीत मात्र ते आपण विसरतो.

नियम निर्दोष नाही. तो फळाला आला, कारण टेक्सासच्या शाळा आजही वस्तीनुसार बऱ्याच वेगवेगळ्या राहिल्या आहेत. शाळा खरोखर मिसळल्या असत्या, तर याचा उपयोगही तितकाच कमी झाला असता. म्हणजे एका जुन्या दोषाच्या खांद्यावर हा उपाय उभा आहे, आणि ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

दुसरी तक्रार आपल्या ओळखीच्या घरांतून येते. ऑस्टिन आणि डॅलसच्या उपनगरांत सॉफ्टवेअरमधली मराठी कुटुंबं पुष्कळ आहेत. तिथल्या शाळांत चुरस जबर. आता तर ऑस्टिनच्या विद्यापीठापुरती रेषा दहावरून घसरत 2026 च्या प्रवेशासाठी पाच टक्क्यांवर आली आहे. वर्गात आठव्या टक्क्यावर असलेल्या मुलीची आई विचारते, ‘हिनं काय कमी अभ्यास केला?’ नाही केला कमी. तिच्या जागी मी असतो तर मीही चिडलो असतो. फक्त एवढंच, की चांगली शाळा पाहून घर घेताना आपण मुलीला बरंच काही आधीच देऊन ठेवलेलं असतं, आणि ते कुठल्या गुणपत्रिकेत लिहिलेलं नसतं.

आपल्याकडेही वैद्यकीय प्रवेशासाठी 70:30 चं सूत्र होतं: सत्तर टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांना, तीस टक्के सगळ्या राज्याला. ते 2020 मध्ये रद्द झालं, आणि त्यासाठी मोठा आवाज उठवला होता तो मराठवाड्यानं. कारण त्यांच्या विभागात महाविद्यालयंच थोडी. जागा विभागून टाकल्या की ज्याच्याकडे कमी, त्याच्या वाट्याला कमीच येणार. टेक्सासनं इमारती मोजल्या नाहीत, मुलं मोजली.

अर्थात मुलगा वर्गात येऊन बसला, तरी तो टिकायला हवा. डेव्हिड लॉड हे तिथले रसायनशास्त्राचे प्राध्यापक. पहिल्या वर्षी नापास होणारे बरेच जण गरीब घरांतले, कमी शिकलेल्या आईबापांचे, असं त्यांच्या ध्यानात आलं. 1999 मध्ये त्यांनी अशी पन्नासेक मुलं निवडली. प्रवेशपरीक्षेत ती इतरांहून सरासरी सुमारे 200 गुणांनी मागे होती. त्यांना सोपा अभ्यासक्रम दिला नाही. शेकडो मुलांच्या वर्गाऐवजी लहान वर्ग, जास्तीची शिकवणी, पाठीशी सल्लागार. व्याख्यान तेच आणि परीक्षाही तितकीच कठीण. सत्र संपलं तेव्हा या मुलांचे गुण मोठ्या वर्गाच्या बरोबरीचे होते. विद्यापीठानं पुढे हा प्रयोग रसायनशास्त्रापुरता ठेवला नाही.