आधी सवाल, मग शीन-काफ

उर्दू माध्यमाच्या शाळेत येणाऱ्या प्रत्येक मुलाची मातृभाषा उर्दूच, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात कोकणातली मुले घरी बहुधा कोकणी बोलतात, मराठवाड्यातली दखनी. या दखनीत मराठीचा ‘च’ मुरलेला आहे आणि ‘क़लम’चे ‘खलम’ होते. वर्गात अशा मुलाने विचारले, ‘‘सर, पानी कायकू उबलता?’’ तर शिक्षकाने आधी काय करावे? ‘कायकू’चे ‘क्यों’ करावे, की पाण्याविषयी बोलावे?

भाषा घडविणे हे आमचे कामच आहे. परीक्षेत दखनीला गुण मिळत नाहीत. पण ज्याचा उच्चार आधी तपासला जातो, ते मूल पुढच्या वेळी हात वर करीत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ सांगते की, मूल भयमुक्त असावे, त्याला आपले मत मोकळेपणाने मांडता यावे. हा मोकळेपणा घरच्या बोलीतूनच सुरू होतो.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे : आधी उत्तर, मग त्याच प्रश्नाचे उर्दू वाक्य मुलाकडूनच. शीन-काफ हळूहळू सुधारता येतात. गप्प झालेल्या मुलाला काय समजले नाही, हे मात्र शिक्षकाला कधीच कळत नाही.